शिंपल्यातले लाल डाग

चारकोपच्या आमच्या घराची गॅलरी नऊ फूट दोन इंच लांब आणि साडेतीन फूट रुंद आहे. साधारण वर्षभर तिच्या अर्ध्या भागात समुद्र होता. एक निळा प्लास्टिकचा टब, त्यात मनोरीहून कॅनमधून आणलेलं अठरा लिटर समुद्राचं पाणी, त्यात हवा सोडणारा मासे पाळणाऱ्यांकडे मिळतो तसला छोटा पंप आणि तळाशी कालवांचे चोवीस शिंपले, चारच्या सहा रांगांत. उजेड मंद लागतो म्हणून बायकोने ग्रिलवर तिची जुनी हिरवट निळी साडी बांधली होती. दुपारी तीननंतर ऊन त्या साडीतून आत आलं की गॅलरी, तिला लागून असलेली खोली, खोलीत झोपलेली माझी आई, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं पाण्याखाली गेल्यासारखं दिसायचं. रविवारी मी तिथे खुर्ची टाकून बसायचो. पंपाचे बुडबुडे ऐकता ऐकता आपण किती वेळ बसलो आहोत हे मला सांगता यायचं नाही, आणि माझ्यासारख्या माणसाच्या बाबतीत ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

मी इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका कारखान्यात तपासनीस आहे. गॅसच्या शेगडीत बसणाऱ्या पितळी झडपांचे भाग माझ्यापुढून जातात. माप चुकलं, ओरखडा असला, डाग असला, तर भाग लाल डब्यात. सत्तावीस वर्षं मी हेच करतो आहे. लाल म्हणजे नापास, हे आता माझ्या डोक्यात नसून बोटांत आहे.

बायको अठरा वर्षं घरी शिकवण्या घेत होती. मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली आणि त्या जूनमध्ये हिने शिकवण्या बंद करून संशोधनाने एम.एस्सी.साठी नाव नोंदवलं. विषय लाल शैवाल, म्हणजे समुद्रातलं तांबडं शेवाळं. त्यातलीही एकच जात, आणि तिचं प्रजनन. तेव्हा तिला एकोणपन्नास पूर्ण होती. "या वयात शेवाळं?" असं मी विचारलं होतं. ती म्हणाली, "तुम्ही या वयात झडपा बघता ना? मग?"

त्या ऑगस्टमध्ये एका सकाळी आम्ही मार्व्याहून होडीने मनोरीला गेलो. ओहोटी सव्वानऊला पूर्ण होणार होती. आम्ही साडेआठलाच खडकांवर होतो. पाऊस नव्हता, पण हवेत पाणी होतं. खडक काळे, आणि त्यांच्यावर लाटेच्या वरच्या रेषेला ते पान चिकटलेलं होतं. पान म्हणजे काय, ओल्या पतंगाच्या कागदासारखं काहीतरी. तांबडं, पलीकडचं बोट दिसेल इतकं पातळ, काठाला चुण्या पडलेलं. लाट आली की उघडायचं, गेली की खडकाला लपेटून बसायचं.

जवळच एक म्हातारी कोळीण उकिडवी बसून लोखंडी कोयतीने कालवं फोडत होती. आमच्याकडे बराच वेळ बघून तिने बायकोला हाक मारली.

"कय शोधतंस गो बाय?"

बायकोने पान उचलून दाखवलं.

"तं व्हय! तं पावसाल्यान येतं नि पावसाल्यान जातं."

"जातं कुठे पण, मावशी?"

"समिंदरान. आनखी कुठं जानार? माज्या घरा जेवाला येतं का?" आणि ती अशी हसली की तिच्या पाटीतली कालवं हलली.

बायकोही हसली. मग मला हळूच म्हणाली, "मावशींच्या पायाशी बघा. तिथे जातं."

मावशींच्या पायाशी फोडलेल्या कालवांच्या रिकाम्या शिंपल्यांचा ढीग होता. आम्ही त्यातलेच चोवीस, आतून पांढरेशुभ्र असलेले, निवडून घेतले. मावशींनी विचारलं, "ह्ये कशाला?" बायको म्हणाली, "पेरायला." मावशींनी माझ्याकडे पाहिलं. बाईला सांभाळ, असं त्यांना म्हणायचं असावं.

घरी आल्यावर तिने मला पानाचा काठ भिंगाखाली दाखवला. एका पानाचा काठ फिका, पिवळसर. तो नराचा भाग. दुसऱ्याचा काठ गडद लाल. तो मादीचा. ती समजावत होती आणि मी नेहमीसारखी वही घेऊन बसलो होतो.

"लाल शैवालाच्या नरपेशीला शेपटी नसते," ती म्हणाली. "पोहता येत नाही तिला. बाकी शेवाळांना येतं, प्राण्यांना येतं, हिला नाही. सुटते आणि पाणी नेईल तिकडे जाते."

"मग मादीपेशी सापडते कशी?"

"सापडत नाही. लागते. एखादी."

"किती टक्के?"

"तुम्ही टक्के विचारणार हे मला माहीत होतं. कुणी मोजलं असेल तर सांगेन."

आणि लागली, तर मादीपेशी तिथेच, आईच्या पानातच, फुटत जाते. तिच्या राशी होतात, काठ गडद होतो, आणि मग त्या पेशी एकेक करून पाण्यात गळतात. त्यांनाही शेपटी नाही. त्यांना बीजाणू म्हणायचं. त्यांचं माप मी विचारलं. तिने सांगितलं ते ऐकून मी उठलो आणि पिशवीतला माझा मायक्रोमीटर आणला. त्यावरची सर्वांत लहान रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. बीजाणू साधारण तेवढाच, थोडा मोठा. आयुष्यभर ज्या रेघेइतक्या फरकावरून मी माल नापास करतो, तेवढ्या जागेत हे सबंध बी मावत होतं.

हा बीजाणू खडकावर पडून पुन्हा पान होत नाही. तो शिंपल्यात शिरतो. चुन्यात बारीक सुरुंग करत केसाहून बारीक लाल तंतू होऊन आत पसरतो, आणि पान समुद्रात कुठेही नसतं तेव्हा ते सगळे महिने तो तिथे असतो. पूर्वी लोक तंतू आणि पान या दोन वेगळ्याच वनस्पती समजत. एकीतून दुसरी होते हे परदेशातल्या कुणा एका बाईंनी शिंपल्यांवर वाढवून दाखवलं म्हणे. हे सांगताना बायकोचा आवाज बदलला होता. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी त्या तंतूतून वेगळे बीजाणू सुटतात आणि खडकावर पुन्हा तांबडं पान. हा फेरा, पान ते शिंपला आणि शिंपला ते पान, घरात पुरा करून दाखवणं हाच तिचा प्रबंध होता.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गडद काठाची पानं शिंपल्यांवर पसरून आम्ही पेरणी केली. त्याआधी मी चोवीसही शिंपले घासून पांढरे केले होते, मोजून त्यांना क्रमांक दिले होते आणि वहीत लांबी रुंदी लिहिली होती. तीन दिवसांनी तिने पानं काढून टाकली. तिच्या मार्गदर्शक बाईंनी तिला स्पष्ट सांगितलं होतं: नोंदणीची मुदत पुढच्या सप्टेंबरात संपते. नवीन पान उगवणार जुलैत. म्हणजे हे शिंपले गेले तर पुन्हा पेरून फेरा पुरा करायला वर्ष मिळणार नाही. शिंपले जगले तर प्रबंध, नाहीतर नाही.

ऑक्टोबरच्या मध्यावर मुलीला पुण्यात डेंग्यू झाला आणि बायको बारा दिवसांसाठी तिकडे गेली. जाताना फ्रिजवर यादी लावून गेली. सहा ओळी होत्या. पाण्याची पातळी खुणेच्या खाली गेली तर बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी घालणे. दर चौथ्या दिवशी अर्धं पाणी बदलणे. पंप बंद न करणे. साडी न काढणे. शिंपल्यांवर हिरवं शेवाळं धरलं तर मऊ ब्रशने काढणे. काही दिसलं तर फोन करणे.

मी एकही ओळ चुकवली नाही. रोज सकाळी सात वाजता आणि कामावरून आल्यावर सहा वाजता मी भिंग घेऊन टबावर वाकायचो. मी शोधत होतो ते बीजाणू. लाल, गोल, पाण्यात तरंगणारे किंवा तळाशी पडलेले कण. ते काही दिसेनात. आई पलंगावरून बघत असायची.

"त्या शिंपल्यांका खावक काय घालतंस काय नाय?" ती मालवणीत विचारायची.

"त्यांना लागत नाही गं."

"उपाशी कोण रवता रे? तुझो बापूस एक दिस रवलो नाय."

बायको गेल्याच्या सातव्या दिवशी, दिवाळीला चार दिवस असताना, मला नऊ शिंपल्यांच्या आतल्या बाजूला डाग दिसले. गुलाबी, तांबूस, टाचणीच्या डोक्याएवढे, कडा अस्पष्ट. मी वर पाहिलं. वर ग्रिल होतं, रंग उडालेलं. गंज. ठिबकून पडला असणार. माझी चूक, मी गेल्या उन्हाळ्यात ग्रिल रंगवायचं राहू दिलं होतं. मला अपराधी वाटलं, आणि अपराधी वाटलं की मी नीट काम करतो.

मऊ ब्रशने डाग निघेनात. आईच्या सांगण्यावरून मी स्वयंपाकघरात दिवाळीची पितळी भांडी घासायला चिंच भिजत घातली होती. पितळेवरचा डाग चिंचेने जातो हे मला लहानपणापासून माहीत आणि कारखान्यातही माहीत. मी एकेक शिंपला घेतला, चिंचेचा कोळ लावला, थांबलो, दात घासायच्या ब्रशने घासला, समुद्राच्या पाण्याने धुतला आणि पुन्हा त्याच्या जागी ठेवला. कुठल्या क्रमांकाच्या शिंपल्याला किती मिनिटं कोळ लावला हे वहीत लिहिलं. दोन मिनिटांपासून सहापर्यंत. नऊच्या नऊ स्वच्छ झाले. खूप समाधान वाटलं.

संध्याकाळी फोन केला. मुलीच्या प्लेटलेट्स वाढल्या होत्या, ते आधी बोललो.

"शिंपल्यांत काही दिसलं का?" तिने विचारलं.

"काही नाही. दोन वेळा बघतो. हां, नऊ शिंपल्यांवर ग्रिलचा गंज पडला होता, तो काढला."

फोनमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"हॅलो?"

"कसला रंग होता गंजाचा?"

"तांबूस. गुलाबीच म्हण ना."

"गोल?"

"हो. गोल."

"कशाने काढलात?"

"चिंचेने."

मागे इस्पितळातल्या ट्रॉलीचा आवाज येत होता. मग तिने विचारलं, "बाकीच्या पंधरांवर होते का डाग?"

"एकावरही नाही. ते स्वच्छ आहेत," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता मला कळलं. चोवीसमध्ये पेरणी लागली होती ती नऊ शिंपल्यांत. नेमके ते नऊ मी घासले होते.

"ठेवते," ती म्हणाली.

ती दिवाळी कशी गेली ते मी लिहीत नाही. ती आली, फराळ झाला, मुलगी बरी होऊन सोबत आली होती म्हणून घरात बोलणं चालू होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती टबापाशी बसली आणि एक शिंपला हातात घेऊन उजेडात फिरवू लागली. मी वही नेऊन तिच्यापुढे ठेवली. माफी मागायला मला दुसरं काही सुचलं नाही.

तिने पान वाचलं. "मिनिटंसुद्धा लिहिलीत?"

"न लिहून कसं चालेल?"

"शिंपला क्रमांक चौदा, चिंच, साडेतीन मिनिटं," तिने मोठ्याने वाचलं आणि वही तोंडावर धरली. ती रडते आहे की हसते आहे ते मला समजलं नाही, बहुधा दोन्ही. "अहो इन्स्पेक्टरसाहेब, आख्ख्या मुंबईत हे दुसऱ्या कुणाला जमलं नसतं."

"सगळं मेलं का?"

"तंतू आत असतो. वरचा चुना तुम्ही खाल्लात. किती आतपर्यंत खाल्लात ते मला नाही सांगता येत." तिने शिंपला क्रमांक चौदा पुन्हा चौथ्या रांगेत, त्याच्या जागी ठेवला. "आता थांबायचं."

थांबणं म्हणजे काय ते मी त्या हिवाळ्यात शिकलो. नोव्हेंबर गेला. साडीतून येणारा उजेड दिवसेंदिवस तिरका होत आईच्या पलंगापर्यंत पोचला. मी रविवारी खुर्चीत बसायचो आणि पाण्याकडे बघत असताना अर्धवट झोप लागायची. त्या झोपेत मी नेहमी खाली खाली जात असे. पोहत नसे. हातपाय असूनही ते वापरायची आठवण नसायची. भोवती माझ्याएवढीच इतर कितीतरी माणसं तशीच उतरत असत, काही ओळखीची वाटत, कुणी कुणाला हाक मारत नसे, आणि खाली पांढरं काहीतरी पसरलेलं असे. त्याला टेकायच्या आधी मला जाग यायची. बुडबुडे चालू असायचे. आई म्हणायची, "घोरत होतंस."

मी हे बायकोला सांगितलं नाही. तीही त्या दिवसांत टबाबद्दल बोलत नसे. पाणी बदलताना आम्ही दोघं कॅन धरायचो, ती म्हणायची "सावकाश", मी म्हणायचो "हो".

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी मला शिंपला क्रमांक चौदाच्या बिजागरीपाशी किंचित गुलाबी दिसलं. मी काहीच केलं नाही. वर ग्रिलकडे बघितलं. ते मी नोव्हेंबरातच पांढरं रंगवून घेतलं होतं. सोमवारी बघितलं, मंगळवारी बघितलं. मोजलं: दीड मिलिमीटर, मग पावणेदोन. गंज वाढत नाही असा. बुधवारी संध्याकाळी ती मटकी निवडत होती. मी म्हणालो, "चौदावर डाग आहे. मी हात लावलेला नाही."

ती परात तशीच ठेवून उठली. मटकी फरशीभर झाली. तिने भिंग लावलं आणि इतका वेळ वाकून राहिली की आई म्हणाली, "गो, पडशील हां टबात."

तंतू परत आला होता तो माझ्या ब्रशच्या ओरखड्यांतून. चिंचेने चुना मऊ झालेल्या जागी मी जिथे जोर दिला होता तिथे बारीक रेघा उमटल्या होत्या आणि आतलं लाल त्या रेघांतून आधी दिसत होतं. जानेवारीअखेर नऊपैकी सहा शिंपले गुलाबी झाले. सहा मिनिटं कोळ लावलेले दोन आणि पाच मिनिटांचा एक, हे कायमचे गेले. मार्गदर्शक बाईंनी वहीतलं पान बघितलं आणि म्हणाल्या, "हे प्रबंधात घालू नका, पण फेकूही नका."

मार्चपर्यंत ते सहा शिंपले आतून जांभळट लाल, जवळजवळ काळे झाले. उन्हाळ्यात आम्ही गॅलरीत ओलं गोणपाट टांगलं. जूनमध्ये ती पाण्याचा खारेपणा थोडा थोडा उतरवू लागली, बाहेर खाडीत उतरत असेल तसा, आणि शिंपल्यांवर पांढरे नायलॉनचे दोरे ताणून बसवले. बीजाणू सुटले तर दोऱ्यावर बसतील. ते सुटताना काही दिसत नाही, आवाज होत नाही. एका सकाळी तिने पाण्याचा थेंब कॉलेजातून आणलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि मला म्हणाली, "बघा. मोजा."

गोल, लालसर, प्रत्येकाच्या पोटात तारा असल्यासारखी खूण. शेपटी नाही, घाई नाही. काचेवर घेतलेल्या थेंबात ते हलत होते ते फक्त पाणी हलत होतं म्हणून. मी आयुष्यात पहिल्यांदा मोजणी अर्ध्यावर सोडली. एकतीसपर्यंत आलो होतो. मग नुसता बघत राहिलो आणि ते खाली उतरत राहिले.

सोळा दिवस दोरे पांढरेच होते. सतराव्या दिवशी चौथ्या दोऱ्यावर तीन ठिकाणी लालसर केस उठल्यासारखं झालं. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात त्यातलं एक पान चार मिलिमीटर भरलं. रुंदी एक. पतंगाच्या कागदासारखं, काठाला एक चुणी. पंपाच्या बुडबुड्याने उघडायचं, मिटायचं.

आईला आम्ही दोघांनी धरून टबापाशी आणलं. तिला जवळचं नीट दिसत नाही, म्हणून भिंग दिलं.

"ह्यां मनोरेक होता तांच पान?" तिने विचारलं.

"त्याचं नातवंड समजा, आई," बायको म्हणाली.

आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "शिंपलो घासल्यान कोणी तो?"

"मी," मी म्हणालो.

"बरां केलंस. भांडां घासल्याशिवाय चकाकता काय?"

बायको हसत हसत ग्रिलला टेकली. मी वही उघडली, तारीख टाकली, दोरा क्रमांक चार, लांबी, रुंदी लिहिली. शेवटच्या रकान्यात कारखान्याच्या सवयीने मी पास किंवा नापास लिहितो. तो रकाना मी कोरा ठेवणार होतो. तिने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि तिथे स्वतः लिहिलं: पास. प्रबंध सप्टेंबरच्या नऊ तारखेला, मुदतीच्या एकवीस दिवस आधी, जमा झाला.